ऐश, करार आणि निजाम

पोरं सुट्टीत आजोळी जाऊन आली की आपण विचारतो, "काय मग, ऐश केली ना?" हा 'ऐश' मूळचा अरबी. जगणं, एवढाच त्याचा साधा अर्थ. फारसीतून, दरबारांतून फिरत तो आपल्याकडे पोचला तोवर त्याच्या अंगाला अत्तर लागलं होतं, आणि जगण्याची चैन झाली होती. इजिप्तमध्ये मात्र हाच शब्द चुलीजवळ राहिला. कैरोत 'ऐश' म्हणजे भाकरी. कोंड्यासकट गव्हाच्या पिठाची, भट्टीत फुगणारी गोल रोटी ती 'ऐश बलदी'. बहुतेक अरब भाकरीला 'खुब्ज' म्हणतात. आखातात तर ऐश म्हणजे भात, जे निदान कोकणातून तिकडे गेलेल्या माणसाला मनापासून पटेल.

२५ जानेवारी २०११ पासून कैरोच्या तहरीर चौकात, होस्नी मुबारक यांच्या राजवटीविरुद्ध, जी घोषणा घुमत होती ती अशी : 'ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया'. भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. यात भाकरी पहिली आहे. पण आपल्या टीव्हीवर आणि लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत ऐकू गेला तो मधला शब्द, आणि सगळ्या प्रकाराला नाव पडलं 'अरब वसंत'. नावही उसनंच. १८४८ साली युरोपभर झालेल्या उठावांना असंच वसंताचं नाव दिलं होतं, १९६८ च्या प्रागलाही. एकदा वसंत म्हटला की पुढची कथा आपोआप ठरते. दोन-तीन वर्षांत बहर दिसला नाही की 'वसंत करपला' असे मथळे येतात, आणि मग कट्ट्यावरचं ते नेहमीचं वाक्य : "त्या लोकांच्यात लोकशाही रुजायचीच नाही."

मला हे वाक्य चुकीचं वाटतं, आणि त्याच्या उलटं वाक्यही. ते म्हणजे, हे सगळं अमेरिकेनं घडवलं, किंवा १९१६ मध्ये इंग्रज साइक्स आणि फ्रेंच पिको या दोन साहेबांनी नकाशावर रेघा मारल्या तिथेच सगळं नासलं. पहिल्या वाक्यात अरब माणूस जन्मतःच नालायक ठरतो आणि दुसऱ्यात कायमचा बाहुला. दोन्हींत त्याला स्वतःचं काही म्हणणं असेल ही शक्यताच उरत नाही. माझ्या मते अरब जगात जे चाललंय तो एक जुना व्यवहार मोडण्याचा लांबलेला खटला आहे. राज्यकर्त्यानं भाकरी पुरवायची आणि लोकांनी तोंड बंद ठेवायचं, असा तो व्यवहार. २०११ ही त्या खटल्यातली एक तारीख होती. खटला त्याआधी बराच काळ उभा होता आणि अजून निकालात निघालेला नाही.

त्यातली एक जुनी तारीख आपल्याला वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. १८ जानेवारी १९७७ ला दिल्लीत इंदिरा गांधींनी लोकसभेच्या निवडणुका जाहीर केल्या. आणीबाणी अजून उठायची होती, पण मार्चमध्ये लोकांनी काय केलं ते सर्वांना माहीत आहे. त्याच दिवशी इजिप्तमध्ये आस्वानपासून अलेक्झांड्रियापर्यंत माणसं रस्त्यावर आली होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि सावकारांना खूश करायला अन्वर सादात यांच्या सरकारनं आदल्या दिवशी पीठ, तांदूळ, तेल अशा वस्तूंचं अनुदान कापलं होतं. दोन दिवस जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, लष्कर उतरलं, सत्तरच्या वर माणसं मेली. शेवटी सरकारनं कपात मागे घेतली. सादात या उठावाला 'चोरांचा उठाव' म्हणत राहिले. त्याच नोव्हेंबरात ते जेरुसलेमला गेले आणि दोन वर्षांच्या आत इस्रायलशी तह करून अमेरिकेच्या मदतीचा नळ सुरू करून घेतला. या दोन गोष्टींचा संबंध जोडताना मला मुळीच संकोच वाटत नाही. घरच्या लोकांकडून मागता येत नव्हतं ते बाहेरून आणायचं होतं.

दिल्लीतल्या आणि कैरोतल्या त्या दिवसाची तुलना मी स्वतःची पाठ थोपटायला करत नाही. एकीकडे सरकार घालवायला दरवाजा होता, उशिरा का होईना उघडला गेला. दुसरीकडे असा दरवाजाच नव्हता, म्हणून भाकरीचा भाव हीच मतपेटी झाली. इजिप्तचे राज्यकर्ते हे बरोबर समजले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऐश बलदीचा भाव पाच पियास्तरवर (पियास्तर म्हणजे तिथल्या पौंडाचा शंभरावा भाग) आणून ठेवला आणि तो तीन दशकांहून जास्त काळ तिथेच गोठवला. मुबारक गेले, मोर्सी आले आणि गेले, सिसी आले, चलनाची किंमत कोसळत राहिली, पण पाच पियास्तर हलले नाहीत. रोटीचं वजन मात्र गुपचूप उतरत गेलं, २०२० मध्ये ते ९० ग्रॅमवर आलं. जून २०२४ मध्ये भाव वीस पियास्तर झाला तेव्हा ती अख्ख्या जगाची बातमी झाली.

हा व्यवहार सुरू केला जमाल अब्देल नासर यांनी. २३ जुलै १९५२ ला लष्करी अधिकाऱ्यांच्या टोळीनं राजाला घालवलं. जमीनदारांच्या जमिनी कापून कुळांना दिल्या, सुएझ कालवा १९५६ मध्ये राष्ट्राच्या ताब्यात घेतला, विद्यापीठं फुकट केली आणि १९६४ मध्ये पदवीधराला सरकारी नोकरीची हमीच दिली. आज हे सारं फसवं वाटेल, पण फलाहाच्या, म्हणजे नाईलकाठच्या शेतकऱ्याच्या, मुलासाठी ते खरं होतं. त्याच्या घराण्यात पहिल्यांदा कुणी इंजिनिअर झाला. बदल्यात पक्ष बंद, कामगार संघटना सरकारच्या खिशात, वर्तमानपत्रं सरकारच्या मालकीची. बगदाद, दमास्कस, अल्जिअर्स, त्रिपोली, सगळीकडे थोड्याफार फरकानं हीच पद्धत उचलली गेली.

अभ्यासक याला सामाजिक करार म्हणतात. इथे एक गंमत आहे. 'करार' हाही शब्द आपण अरबीतूनच घेतला. आपल्याकडे करार म्हटला की दोन पक्ष आले, दोन सह्या आल्या. अरबीत 'करार' म्हणजे निर्णय. राष्ट्राध्यक्षानं काढलेला हुकूम तिथे 'करार' असतो. नासर यांनी इजिप्तच्या जनतेशी जे केलं ते आपल्या अर्थानं करार नव्हतंच, तिकडच्या अर्थानं होतं. भाकरी दिली, पण देणाऱ्याच्या मर्जीनं. घेणाऱ्याची सही कुठेच नव्हती, त्यामुळे करार मोडला तर दाद मागायची जागाही नव्हती. उरला रस्ता.

आणि हे राज्यकर्ते इतके मोकळे का राहू शकले? माझं उत्तर असं, की त्यांची तिजोरी लोकांच्या खिशातून भरत नव्हती. तेल, कालव्याचा टोल, परदेशी मदत, कर्ज, परदेशी गेलेल्यांनी धाडलेले पैसे. हे दुखणं नासर यांच्याही आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकातले इजिप्तचे राज्यकर्ते खेदिव इस्माइल यांनी कैरोला पॅरिस बनवायच्या नादात इतकं कर्ज केलं की १८७५ मध्ये सुएझ कालव्याच्या कंपनीतले इजिप्तचे समभाग सुमारे चाळीस लाख पौंडांना ब्रिटिश सरकारला विकावे लागले. पुढच्याच वर्षी युरोपातल्या सावकारांचं मंडळ इजिप्तच्या महसुलावर येऊन बसलं. त्याविरुद्ध कर्नल अहमद उराबी उठले. उराबी शेतकऱ्याच्या घरातले, आणि 'इजिप्त इजिप्तवासीयांचा' ही त्यांच्या चळवळीची हाक होती. १८८२ च्या सप्टेंबरात तेल-अल-कबीरला ब्रिटिश फौजेनं त्यांना मोडलं. त्या फौजेत हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही होत्या.

आपला या भूगोलाशी संबंध पुष्कळदा असा, साहेबाच्या फौजेतून आणि साहेबाच्या तुरुंगातून आलेला आहे. एडन १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या कंपनीच्या सैन्यानं घेतलं आणि ते १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातच मोडत होतं. वासुदेव बळवंत फडक्यांना म्हणूनच तिथे नेऊन ठेवता आलं, आणि १८८३ च्या फेब्रुवारीत ते तिथेच गेले. पहिल्या महायुद्धात इराकातल्या कूत शहरात वेढली गेलेली आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेली फौज ही 'पूना डिव्हिजन' होती, त्यात मराठा पलटणीचे जवान होते. ज्या इराकसाठी ते उपाशी मेले त्या इराकवर नंतर बरीच वर्षं रुपयाच चालत होता.

पण वळूया मूळ मुद्द्याकडे. 'त्या लोकांच्यात लोकशाही नाही' म्हणणाऱ्यांनी ट्युनिसकडे एकदा बघावं. अरब जगातली पहिली लिखित राज्यघटना ट्युनिसियाची, १८६१ ची. जपानला घटना मिळाली ती त्यानंतर २८ वर्षांनी. १९२० मध्ये दमास्कसला भरलेल्या सीरियन काँग्रेसनं अमीर फैसलला राजा केलं आणि त्याचे अधिकार बांधून ठेवणारी घटना लिहायला घेतली. जुलैमध्ये मैसलूनच्या लढाईत फ्रेंचांच्या तोफांनी ते राज्यही संपवलं आणि ती घटनाही. रोपटं लागलंच नाही असं नव्हे. ते उपटलं गेलं, आणि ते उपटणारे हात नेहमी अरबांचेच होते असंही नाही.

तरी १८६१ ची गोष्ट इतक्यावर सोडून चालणार नाही, कारण तिचा शेवट माझ्याही आवडत्या समजुतींना टोचतो. घटना करणाऱ्या बेच्या, म्हणजे ट्युनिसच्या राज्यकर्त्याच्या, सरकारला पैसा हवा होता. त्यानं 'मज्बा' हा डोईपट्टीसारखा कर ३६ पियास्तरवरून ७२ वर नेला. १८६४ मध्ये अली बिन गधाहुम याच्या मागे टोळ्या आणि गावं उठली. त्यांची मागणी काय? कर कमी करा, आणि ती नवी घटना, नवी न्यायालयं रद्द करा. घटना ही राजधानीतल्या लोकांची चैन आहे आणि तिचा खर्च आपल्या डोक्यावर बसतोय, असं गावकऱ्यांना वाटलं, आणि ते पूर्ण खोटं नव्हतं. घटना गुंडाळली गेली. पाच वर्षांत युरोपियन सावकारांचं मंडळ आलं, १८८१ मध्ये फ्रेंच आले. दीडशे वर्षांनी हीच गोष्ट ट्युनिसमध्ये पुन्हा घडायची होती.

१९७७ नंतरची रांग भराभर सांगतो, कारण तिच्यात आश्चर्य कमी आणि पुनरावृत्ती जास्त आहे. १९८१ कॅसाब्लांका. १९८३-८४ ट्युनिसिया : भाकरीचा भाव दुप्पट, दंगे, मृत्यू, आणि म्हातारे राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी माघार घेतल्याची दूरचित्रवाणीवरची घोषणा. या दंग्यांनंतर सुरक्षा खातं सांभाळायला पोलंडमधल्या राजदूतपदावरून एका लष्करी अधिकाऱ्याला परत बोलावलं, त्याचं नाव झैन अल-आबिदीन बिन अली. १९८७ मध्ये त्यानंच बुर्गिबांना 'प्रकृती बरी नाही' असा डॉक्टरी दाखला काढून घरी बसवलं. म्हणजे ज्या हुकूमशहाला २०११ च्या उठावानं घालवलं, त्याला आणलं होतं तेही भाकरीच्याच उठावानं. १९८८ अल्जिरिया, १९८९ जॉर्डनमधलं मआन. दर वेळी तेच : तेलाचे भाव पडतात किंवा कर्जाचे हप्ते थकतात, अनुदान कापलं जातं, रस्ता पेटतो, कपात अर्धी मागे घेतली जाते आणि पोलीस दुप्पट होतात.

यात अल्जिरियाशी थांबायला हवं. ऑक्टोबर १९८८ च्या गोळीबारानंतर तिथल्या राजवटीनं खरोखर दार उघडलं, बहुपक्षीय घटना केली. डिसेंबर १९९१ च्या पहिल्या फेरीत इस्लामी आघाडी जिंकणार हे दिसल्यावर जानेवारी १९९२ मध्ये लष्करानं निवडणूकच रद्द केली. पुढच्या दहा वर्षांच्या यादवीत लाखभर किंवा त्याहून जास्त माणसं गेली. पाश्चात्त्य राजधान्या तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकत होत्या. धर्मवादी पक्षाबद्दल मला काडीचं प्रेम नाही. पण मतपेटीतून आलेल्याला रणगाड्यानं घालवलं, तर पुढची पिढी मतपेटीवर का विश्वास ठेवील, हे कुणी मला सांगावं.

२०१० मध्ये रशियात उन्हाळा भयंकर तापला, पीक जळालं आणि ऑगस्टमध्ये रशियानं गव्हाची निर्यात थांबवली. गव्हाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार देश तेव्हा इजिप्त होता. त्याआधी २००८ मध्येच भाकरीच्या रांगांत माणसं मेली होती. मुबारक यांनी तेव्हा लष्कराला भाकरी भाजायला लावली होती, आणि त्याच एप्रिलमध्ये महल्लाच्या कापड गिरण्यांत कामगार उठले होते. दरम्यान नासर यांनी हमी दिलेली नोकरी कागदावरच राहिली होती, पदव्या मात्र छापल्या जातच होत्या. १७ डिसेंबर २०१० ला ट्युनिसियातल्या सिदी बूझिदला मोहम्मद बुअझीझी या फळं विकणाऱ्या तरुणाची हातगाडी नगरपालिकेच्या माणसांनी जप्त केली आणि त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारीला तो गेला. दहा दिवसांनी बिन अली विमानात बसून सौदीला पळाले.

आता निजाम. त्या वर्षी ट्युनिसपासून येमेनच्या सनापर्यंत एकच वाक्य गरजत होतं : 'अश्शाब युरीद इस्कात अन्निजाम'. लोकांना निजाम पाडायचा आहे. मराठवाड्यातल्या माणसाला याचं भाषांतर लागू नये! पण आपला निजाम म्हणजे एक माणूस, एक घराणं. अरबीत निजाम म्हणजे व्यवस्था, घडी. तहरीरमधली माणसं शब्द बरोबर वापरत होती आणि तरी माणसालाच निजाम समजून बसली. ११ फेब्रुवारीला मुबारक गेले तेव्हा चौकात रात्रभर नाच झाला, लोकांनी रणगाड्यांवर चढून सैनिकांना मिठ्या मारल्या. निजाम त्या रणगाड्यात बसलेला होता. त्याच्या मालकीचे शेवयांचे आणि सिमेंटचे कारखाने होते, पाण्याच्या बाटल्या होत्या, अमेरिकेहून वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत होती. एका म्हाताऱ्याला त्यानं दारातून बाहेर काढून दिलं, इतकंच.

२०१२ मध्ये मुस्लिम ब्रदरहुड या धर्मवादी संघटनेचे मोहम्मद मोर्सी निवडून आले. कारभार त्यांनी वाईट केला. स्वतःचे निर्णय न्यायालयाच्या वर नेऊन ठेवले, विरोधकांना दूर लोटलं, आणि रस्त्यावर पुन्हा लाखो लोक आले. पण ३ जुलै २०१३ ला त्यांना घालवलं ते लष्करानं, आणि काही दिवसांत सौदी, अमिराती आणि कुवेत यांनी मिळून १२ अब्ज डॉलर कबूल केले. १४ ऑगस्टला रबाआ चौकात ब्रदरहुडच्या समर्थकांचं धरणं मोडताना एका दिवसात निदान ८१७ माणसं मारली गेली, असं ह्यूमन राइट्स वॉचनं नोंदवलं. तहरीरमध्ये स्वातंत्र्यासाठी बसलेल्या कित्येक सुशिक्षित उदारमतवाद्यांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. इजिप्तच्या क्रांतीची सर्वांत कडू आठवण माझ्या मते मुबारकच्या पोलिसांची नव्हे, या टाळ्यांची आहे. आज अब्देल फत्ताह सिसी वाळवंटात नवी राजधानी बांधताहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत अमिरातीनं भूमध्य समुद्रकाठची रास अल-हिक्मा विकसित करायला ३५ अब्ज डॉलरचा सौदा केला, मार्चमध्ये नाणेनिधीनं कर्ज आठ अब्जांवर नेलं, जूनमध्ये भाकरीचा भाव चौपट झाला. खेदिव इस्माइल हे वाचून ओळखीचं हसले असते.

ट्युनिसियाचं निराळं झालं, आणि का झालं हे पाहण्यासारखं आहे. तिथलं लष्कर लहान, धंद्यात न पडलेलं. आणि सरकारच्या खिशात पुरती कधीच न गेलेली एक कामगार संघटना होती, युजीटीटी. १९४६ मध्ये फरहात हशाद यांनी तिची स्थापना केली. फ्रेंचांविरुद्ध लढ्यात ती पुढे होती. १९७८ मध्ये स्वतंत्र देशाच्या सरकारविरुद्ध तिनं सार्वत्रिक संप केला आणि गोळ्या खाल्ल्या. २०१३ मध्ये दोन पुढाऱ्यांच्या खुनांनंतर देश इजिप्तच्या वाटेनं जाणार असं दिसत होतं. तेव्हा याच संघटनेनं मालकांची संघटना, वकिलांची संघटना आणि मानवी हक्क लीग यांना सोबत घेऊन सर्व पक्षांना एका टेबलावर डांबलं. २०१४ ची घटना त्यातून आली आणि २०१५ चं शांततेचं नोबेल या चौघांना मिळालं. रस्ता आणि राजवाडा यांच्या मधोमध उभं राहणारं, दोघांचंही ऐकू येणारं काहीतरी तिथे शिल्लक होतं. लिबियात गद्दाफीनं ४२ वर्षांत असं काहीच उभं राहू दिलं नव्हतं. २०११ च्या मार्चमध्ये सुरक्षा परिषदेत लिबियात हस्तक्षेपाला मुभा देणाऱ्या ठराव क्रमांक १९७३ वर भारतानं तटस्थ मत दिलं, नाटोनं बॉम्ब टाकले, गद्दाफी गेला, आणि मागे नुसत्या टोळ्या आणि विहिरी राहिल्या. येमेनचं याहून वाईट झालं. बहरीनमध्ये १४ मार्चला सौदी फौजेच्या चिलखती गाड्या पूल ओलांडून आल्या आणि चार दिवसांत निदर्शकांचा मोत्याचा चौकच पाडून टाकला गेला, खुणेलाही उरला नाही.

आणि मग ट्युनिसियाचंही गाडं अडलं. दहा वर्षांत जवळजवळ तितकीच सरकारं झाली. निवडणुका नेक झाल्या, वर्तमानपत्रं मोकळी झाली, पण सिदी बूझिदमधल्या पोराला नोकरी मिळाली नाही. २०१६ मध्ये पुन्हा नाणेनिधी, पुन्हा अनुदान कापायच्या अटी. २५ जुलै २०२१ च्या रात्री निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद बंद केली, फाटकावर लष्करी गाडी उभी केली, आणि ट्युनिसच्या रस्त्यांवर गाड्यांचे हॉर्न वाजवत लोकांनी आनंद साजरा केला. १८६४ चे गावकरी मला त्या गर्दीत दिसतात. पुढच्या वर्षाखेरीस सईद यांच्या नव्या संसदेसाठी मतदान झालं तेव्हा दहातल्या जेमतेम एकानं मत दिलं. आवाजाशिवाय भाकरी कैरोत टिकली नाही, भाकरीशिवाय आवाज ट्युनिसमध्ये टिकला नाही. लोकशाहीवाद्यांना यातला पहिला भाग पाठ आहे. दुसरा ते घाईघाईत वाचतात, आणि त्यात मीही येतो.

कुणी म्हणेल, मग आखात कसं शांत? कारण त्यांना अजून परवडतं. २०११ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सौदीचे राजे अब्दुल्ला यांनी पगार, घरं, भत्ते मिळून १३० अब्ज डॉलरच्या घरातली खैरात जाहीर केली. शिवाय तिथलं बरंचसं कष्टाचं काम जी माणसं करतात ती कराराच्या कुठल्याच बाजूला नाहीत. अमिराती, कतार, कुवेत इथे नागरिकच अल्पसंख्य आहेत. इमारती बांधणारा, वायरिंग करणारा, रुग्णालयात रात्रपाळी करणारा माणूस रत्नागिरीचा, मलप्पुरमचा, मनिलाचा असतो. त्याला व्हिसा संपला की घरी पाठवता येतं. पण आता तिथेही खडखडाट ऐकू येतो. सौदीनं २०१८ मध्ये पाच टक्के मूल्यवर्धित कर लावला, २०२० मध्ये तो पंधरा केला. ज्या प्रजेकडून आजवर काही घेतलं नव्हतं तिच्याकडून घ्यायला सुरुवात झाली आहे. ती बदल्यात काय मागते हे पाहायला दहा-वीस वर्षं लागतील.

आपल्याकडे २०११ च्या एप्रिलमध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे जंतरमंतरवर बसले तेव्हा निवेदक 'हा भारताचा तहरीर' म्हणून ओरडत होते. ती तुलना तेव्हाही मला पोरकट वाटली होती. सरकार बदलायला आपल्याला चौकात जीव द्यावा लागत नव्हता, तीन वर्षांनी बदललंही.

दुसरी लाट आली तेव्हा बाहेरच्यांचं लक्ष उडालं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये सुदानातल्या अत्बारा या रेल्वे कामगारांच्या गावात भाकरी एका पौंडावरून तीनवर गेली, आणि एप्रिल २०१९ मध्ये तीस वर्षं सत्तेवर असलेले ओमर अल-बशीर गेले. अल्जिरियात त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष बूतेफ्लिका सत्तेवरून गेले. ऑक्टोबरमध्ये बगदाद पेटलं आणि बैरूतही. बैरूतला ठिणगी होती व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यावर कर लावायची टूम. या लाटेतली पोरं शहाणी झाली होती. अल्जिअर्सच्या भिंतींवर, खार्टूमच्या धरण्यात ती म्हणत होती की म्हातारा गेला म्हणून घरी जायचं नाही, इजिप्त विसरू नका. ते विसरले नाहीत, तरीही सुदानात दोन सेनापतींनी २०२१ मध्ये सत्ता लाटली आणि २०२३ च्या एप्रिलपासून आपापसांत लढून देश जाळला. शहाणपण असलं तरी ते वापरायला मध्ये काही संस्था उभ्या असाव्या लागतात. त्या एका रात्रीत बांधता येत नाहीत.

सीरियात व्यवहार मोडला तेव्हा निजामानं भाकरीच्या रांगांवरच तोफा वळवल्या. २०१२ मध्ये हलब, म्हणजे अलेप्पो, शहरात बेकऱ्यांबाहेर उभी असलेली माणसं मारली गेली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. १९७० पासूनच्या असद घराण्याचा शेवट ८ डिसेंबर २०२४ ला झाला. बशर मॉस्कोला गेले आणि बारा दिवसांच्या चढाईनंतर अहमद अल-शरा दमास्कसमध्ये आले, पूर्वी अल-कायदाच्या सीरियातल्या शाखेचा प्रमुख असलेला हा माणूस. तुरुंगांची दारं उघडली गेली, लोक आपल्या माणसांची नावं याद्यांत शोधत फिरले. नव्या सरकारनं लवकरच भाकरीवरचं जुनं अनुदान जवळजवळ काढून टाकलं, सरकारी नोकरांची छाटणी सुरू केली आणि उरलेल्यांचे पगार ४०० टक्क्यांनी वाढवायची घोषणा केली. पैसा कुठून यायचा, तर पुष्कळसा पुन्हा आखातातून. ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या लोकसभेची निवडणूक झाली. दोन तृतीयांश जागा नेमलेल्या मतदार मंडळांनी निवडायच्या, उरलेल्या एक तृतीयांश राष्ट्राध्यक्ष स्वतः नेमणार असं ठरलं. हलबच्या भाकरीच्या रांगेत जो उभा होता आणि वाचला, त्याला त्या दिवशी मतदान केंद्रावर जायचं कारण नव्हतं.